अपडेटनंतर रेंज घटली: आकडा बदलला की बॅटरी आवळली?

इलेक्ट्रिक गाडी सर्व्हिसला टाकली तेव्हा फुल चार्जला २५० किलोमीटर दाखवत होती, संध्याकाळी परत आली तर २२०. जॉब कार्डवर 'सॉफ्टवेअर अपडेट' एवढीच एक ओळ. विचारायला जावं तर सर्व्हिस ॲडव्हायझरचं उत्तर ठरलेलं: "सर, आता ॲक्युरेट दाखवतंय."

हे उत्तर कधी अगदी खरं असतं आणि कधी शुद्ध थाप. पंचाईत अशी की दोन्ही वेळा स्क्रीनवर दिसतं ते सारखंच. एका बाबतीत फक्त अंदाजाचं गणित बदललेलं असतं, बॅटरी होती तशीच असते. दुसऱ्या बाबतीत बॅटरीतून वापरायला मिळणारी वीजच कमी केलेली असते. बोलताना आपण दोन्हीला 'अपडेटने रेंज खाल्ली' म्हणतो आणि मग काउंटरवर भांडण भलत्याच मुद्द्यावर होतं.

आधी आकड्याबद्दल. स्क्रीनवरचे किलोमीटर कोणी मोजलेले नसतात. बॅटरीत उरलेली वीज भागिले दर किलोमीटरला लागणारी वीज, एवढाच तो हिशोब. ३० युनिटची बॅटरी (एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर) आणि किलोमीटरला १२० वॉट-अवर खर्च धरला की २५० किलोमीटर येतात. तोच खर्च १५० धरा, २०० येतात. पन्नास किलोमीटर गेले आणि बॅटरीला कोणी हातही लावलेला नाही. हा खर्चाचा आकडा कुठून घ्यायचा, हे कंपनी ठरवते. बऱ्याच गाड्या तुमच्या मागच्या काही प्रवासांवरून तो काढतात. टेस्लाच्या बॅटरी चिन्हाशेजारचा आकडा मात्र ठरीव खर्चावर चालतो, तुम्ही कशीही हाणा. अपडेटमध्ये ही पद्धत बदलली किंवा गाडीने शिकलेला जुना इतिहास पुसला गेला, तर आकडा एका रात्रीत खाली येतो.

त्यात आपणही भर घालतो. समजा सर्व्हिसनंतर पहिलाच प्रवास मुंबईहून पुण्याचा झाला. खोपोली ते लोणावळा गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढते. चार माणसं आणि सामान धरून १,७०० किलो वजन एवढं उचलायला अडीच युनिट वीज लागते, रस्त्याचा आणि हवेचा खर्च वेगळा. ३० युनिटच्या बॅटरीत हे आठ टक्के झाले, तेही फक्त उंचीपायी. घाट चढून लोणावळ्यात चहाला थांबलात की गाडीच्या मते तुम्ही प्रचंड वीज खाणारे ड्रायव्हर असता आणि ती पुढचे किलोमीटर तशाच कंजूषपणे दाखवते. हा घाटाचा हिशोब अपडेटच्या नावावर मांडू नका. उतरताना रिजनमधून, म्हणजे मोटरच उलटी वीज बनवते त्यातून, बरीचशी वीज परत मिळते आणि आकडा पुन्हा चढतो.

टक्क्यांचं मात्र थोडं अवघड आहे. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते. ती टिकाऊ आहे आणि सहसा पटकन पेट घेत नाही, पण तिच्यात किती वीज उरली आहे हे ओळखणं जिकिरीचं. साधारण २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात सेलचा, म्हणजे बॅटरीतल्या एकेका घटकाचा, व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतो. व्होल्टेज बघून टक्के सांगायची सोयच उरत नाही. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, आत-बाहेर गेलेल्या विजेची जमाखर्चाची वही ठेवते. वहीत चूक साठत जाते. १०० टक्क्यांच्या टोकाला व्होल्टेज झपकन वर जातो, तिथेच ती चूक दुरुस्त होते. म्हणून तर या गाड्या अधूनमधून स्लो चार्जरवर पूर्ण भरायला सांगतात. अपडेटने ही वही कोरी केली की काही दिवस टक्के वेड्यासारखे वागतात, कधी १५ वरून थेट ५ वर येतात. दोन-चार वेळा घरच्या चार्जरवर शंभरपर्यंत भरल्यावर बहुतेकदा ताळ्यावर येतं. तरीही उडी थांबली नाही तर एखादा सेल कमजोर असू शकतो, आणि मग ते काम सॉफ्टवेअरचं नव्हे, बॅटरी उघडून बघण्याचं आहे.

आता दुसरा प्रकार. इथे बीएमएसला नवा हुकूम मिळतो: सेल पूर्वीइतके भरू नकोस. वरचा व्होल्टेज खाली आणला जातो आणि त्यालाच १०० टक्के म्हटलं जातं. टाकीत कोणी दगड टाकून ठेवावेत, काटा फुलवर जावा आणि पेट्रोल मात्र पाच लिटर कमी मावावं, तसला हा मामला. याचं गाजलेलं उदाहरण टेस्लाचं. २०१९ च्या एप्रिलमध्ये शांघायच्या एका पार्किंगमध्ये मॉडेल एस पेटली, त्यानंतर मे महिन्यात कंपनीने मॉडेल एस आणि एक्ससाठी चार्जिंगच्या आणि बॅटरी थंड ठेवण्याच्या सेटिंग बदलणारं अपडेट वायरलेस पाठवलं. काही जुन्या गाड्यांची रेंज उतरली, चार्जिंगही मंदावलं. ऑगस्टमध्ये मालक कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेले. २०२१ मध्ये तडजोड झाली ती १५ लाख डॉलरची, त्यातून १,७४३ गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी ६२५ डॉलर. बऱ्याच गाड्यांचा व्होल्टेज पुढच्या अपडेटमधून परत दिला गेला. लक्षात घ्या, जे सॉफ्टवेअरने परत देता आलं, ते सॉफ्टवेअरनेच काढून घेतलं होतं.

याच कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत मॉडेल वाय लाँग रेंजचा जाहीर आकडा ३३० मैलांवरून ३१० वर आणला. तो पहिला प्रकार. कागदावरचे वीस मैल गेले, बॅटरीतून काही गेलं नाही.

बॅटरी आवळणं नेहमीच पाप असतं असंही नाही. शेवरले बोल्टच्या बॅटऱ्यांना आगी लागल्यावर जनरल मोटर्सने २०२३ मध्ये २०२० ते २०२२ च्या गाड्यांसाठी एक सॉफ्टवेअर दिलं: पहिले सुमारे १०,००० किलोमीटर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल, तेवढ्यात काही दोष आढळला नाही तर आपोआप १०० खुले होतील. मालक चिडलेच, कारण अनेकांना सरसकट नवी बॅटरी मिळण्याची आशा होती. पण निदान काय काढून घेतलं, का आणि कधीपर्यंत, हे सांगितलेलं होतं. स्क्रीनवरही ८० म्हणजे ८०च दिसत होतं. 'बग फिक्सेस आणि परफॉर्मन्स सुधारणा' असं लिहून गुपचूप व्होल्टेज उतरवणं आणि हे, यात मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

तुमच्या गाडीत काय झालं ते ओळखायचं कसं? किलोमीटर बघू नका, युनिट बघा. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, तासभर थंड होऊ द्या आणि घरच्या चार्जरवर शंभरपर्यंत भरा. ४० युनिटची बॅटरी असेल तर आत ३२ युनिट जायला हवेत. घरच्या चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते. १२ टक्के धरली तर घरच्या विजेच्या मीटरवर ३६ च्या आसपास दिसतील. अपडेटच्या आधी ३६ होते आणि नंतरही ३६च आहेत, तर ॲडव्हायझर खरं बोलतोय, आकडाच तेवढा बदलला. ३३ किंवा त्याखाली आले, तर बॅटरीत पूर्वीपेक्षा कमी भरलं जातंय. एका चार्जवर निकाल लावू नका, कारण सुरुवातीचे २० टक्केच चुकलेले असू शकतात, दोनदा-तीनदा करा. आणि तुलना त्याच ऋतूतली हवी. मे महिन्यात नागपूरला दुपारी चार्जिंगला लावलेली गाडी बॅटरी थंड करण्यातच वीज घालवते, ते युनिट मीटरवर येतात पण बॅटरीत जात नाहीत.

एक चकवा राहतो. काही वेळा वरचं टोक तसंच ठेवून खालची राखीव वीज वाढवली जाते. शून्य टक्के दाखवल्यावर पूर्वी थोडी वीज शिल्लक असायची, आता जरा जास्त असते. कंपनी म्हणते बॅटरी तेवढीच आहे, आणि सेलपुरतं ते खरंही असतं. पण आपल्याला जी वीज वापरताच येत नाही ती असून नसून सारखी. माझ्या लेखी हा आवळण्याचाच प्रकार. वरची चाचणी यातही युनिट कमीच दाखवते, म्हणून तीच धरावी.

हे सगळं करायचं तर अपडेटच्या आधीचा आकडा हातात हवा, आणि तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. सर्व्हिसला देण्याआधी एका पूर्ण चार्जचे युनिट लिहून ठेवा, स्क्रीनवरच्या सॉफ्टवेअर व्हर्जनचा फोटो काढा आणि जॉब कार्डवर जुनं-नवं व्हर्जन लिहून मागा. मॅनेजर टाळाटाळ करेल. ईमेलवर मागा, म्हणजे पुढे जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत जायची वेळ आली तर दाखवायला कागद असेल.

ही खटपट वॉरंटीसाठीही लागते. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षांची असते आणि रेंज घटल्याच्या तक्रारीवर ती क्षमता ठरावीक टक्क्यांच्या, बऱ्याचदा ७० च्या, खाली गेली तरच लागू होते. ती क्षमता मोजतं कोण? सर्व्हिस सेंटरचा लॅपटॉप, आणि तो वाचतो त्याच बीएमएसचा आकडा, ज्याचं सॉफ्टवेअर आत्ताच बदललं. घरच्या मीटरवरचे युनिट तेवढे त्या साखळीच्या बाहेरचे.