कावीपासून पॅलेटपर्यंत: रंगांच्या नावांची पार्श्वभूमी

गोव्यात पेडण्यातल्या जुन्या देवळांत कावीची चित्रं पाहायला मिळतात. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा म्हणजे कावेचा थर, आणि तो ओला आहे तोवर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. इथे माल, रंग आणि नाव एकच: काव. संगणकावर चित्र काढताना ही तिन्ही सुटी होतात. उरतात तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती.

सुरुवातीला नावांवाचून फारसं अडत नव्हतं. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी सुपरपेंट ही संगणकावर चित्र काढण्याची प्रणाली उभी केली. त्यात प्रत्येक ठिपक्याला ८ बिट, म्हणजे एका वेळी २५६ रंग. ठिपक्यात रंग नसे, रंगाच्या खणाचा क्रमांक असे. खणातला रंग बदलला की त्या क्रमांकाचे सगळे ठिपके एकदम बदलत. १९८५ च्या, अमिगा संगणकावरच्या डिलक्स पेंट या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ४,०९६ रंगांतून ३२ निवडता येत. ३२ खण सतत डोळ्यांपुढे असत. नाव द्यावं असं कुणाला कशाला वाटेल?

मग २४ बिटांचे पडदे आले आणि निवड १,६७,७७,२१६ रंगांवर गेली. खणांचं बंधन सुटलं, पण आपण कुठला तांबडा वापरला होता हे लक्षात ठेवणं अवघड झालं.

नावं देण्यातला घोळ पाहायचा तर वेबचा राखाडी बघावा. युनिक्स संगणकांवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या रंगांच्या यादीत ग्रे, म्हणजे राखाडी, म्हणजे तिन्ही आकडे १९० आणि डार्क ग्रे, म्हणजे गडद राखाडी, म्हणजे १६९; आकडा जितका मोठा तितका रंग फिकट. हिशेब बरोबर होता. पण वेबने साधा ग्रे दुसऱ्या, सोळा रंगांच्या यादीतून घेतला, तो १२८. डार्क ग्रे मात्र एक्सचाच राहिला. त्यामुळे वेबवर गडद राखाडी साध्या राखाडीपेक्षा फिकट आहे, आजही. दोन याद्या जोडताना नावांमागचं नातं कुणी पाहिलं नाही की असं होतं.

आकडे तरी भरवशाचे का? तेही पडद्यागणिक वेगळे दिसत. म्हणून १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे प्रमाण मांडलं: कुठल्या आकड्यांचा कुठला रंग, हे ठरवणारं.

मला सर्वांत आवडते ती जिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅमची पॅलेट फाइल, म्हणजे रंगांची यादी. साधा मजकूर: एका ओळीत तीन आकडे आणि पुढे नाव. क्रिटा आणि इंकस्केप हे चित्रांचे दुसरे प्रोग्रॅमही ती उघडतात. नाव आपण दिलं नाही तर ‘अनटायटल्ड’ पडतं. पणजीतल्या फोंतेन्याशच्या घरांची चित्रं करताना माझ्याकडे अशा निनावी चाळीसेक ओळी साठल्या होत्या. भिंतीचा पिवळा आणि खिडकीच्या चौकटीवरच्या उन्हाचा पिवळा वेगळे करता करता अख्खी रात्र गेली.

तेव्हापासून ओळ जोडली की लगेच नाव. आपल्या भाषेत ती तयारच आहेत: अबोली, आमसुली, शेंदरी, मोरपंखी, डाळिंबी. अबोली म्हटलं की गजऱ्यातलं फूल दिसतं, आमसुली म्हटलं की सोलं. पण एकच शब्द पुरत नाही. माझ्या फाइलमध्ये काव दोनदा आहे: ‘काव, भिंत, कोरडी’ आणि ‘काव, भिंत, पावसात भिजलेली’.