अपघात नुकसानभरपाईची वकिली (सोलापूर)

अपघातातील जखमींच्या किंवा मृतांच्या वारसांच्या वतीने भरपाईचे दावे चालवणारी वकिलीची शाखा. सोलापुरात ती मुख्यतः मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालते.

उगम : या शाखेचा आरंभ कोठे धरावा याविषयी दोन मते संभवतात. न्यायाधिकरणांची तरतूद मोटार वाहन कायद्यातील १९५६ च्या दुरुस्तीने आली, म्हणून कोणी तेथून सुरुवात मानील. १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमापर्यंत (१९२३) मागे जाणारे मत गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापुराच्या बाबतीत अधिक सयुक्तिक वाटते. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाचा आधार तात्त्विकच राहतो. त्याखाली दिवाणी दावा लावून दोष शाबीत करावा लागे. राज्य कामगार विमा अधिनियमाच्या (१९४८) कलम ५३ ने विमाधारक कामगाराचा मालकाविरुद्धचा दावा बंद केला. त्यानंतर वकिलांचे लक्ष गिरणीकडून रस्त्याकडे वळले असावे.

वाटचाल : विधी पदवी, सनद, अखिल भारतीय बार परीक्षा आणि मग ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी, हा क्रम इतर वकिलीसारखाच. काही जण विमा कंपनीच्या पॅनेलवरून (कंपनीची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्या यादीतून) सुरुवात करतात. समोरची बाजू आतून कळते, हा त्याचा फायदा. पंचनामा, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि अपंगत्वाचा दाखला वाचण्याची नजर मात्र उमेदवारीतच तयार होते.

उत्पन्नाचा पुरावा : खरा कस येथे लागतो. यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या स्त्रिया, ऊसतोड मजूर यांच्याकडे पगारपत्रक सहसा नसते. बत्तीस वर्षांच्या, मागे चार अवलंबित असलेल्या मृत कामगाराचे मासिक उत्पन्न १५,००० रु. शाबीत झाले, तर भावी वाढीचे ४० टक्के मिळवून, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून आणि उरलेल्या वार्षिक रकमेला वयानुसार ठरलेला १६ चा गुणक लावून ३०,२४,००० रु. होतात. न्यायाधिकरणाने उत्पन्न १०,००० रु. गृहीत धरले तर २०,१६,००० रु. दहा लाखांचा फरक एका साक्षीवर ठरतो! गुणकाचे कोष्टक सरला वर्मा (२००९) आणि भावी वाढीची टक्केवारी प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतील आहे. जखमींच्या बाबतीत राज कुमार (२०१०) हा निकाल महत्त्वाचा. त्यानुसार, यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याची बोटे निकामी झाली, तर अपंगत्वाच्या दाखल्यावरील टक्केवारी लहान असली तरी कमाईची हानी मोठी असू शकते.

गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागील ट्रॉल्यांचे अपघात होतात. अशा दाव्यांत ट्रॉलीचा वेगळा विमा होता काय, बसलेले मजूर विम्याच्या कक्षेत येतात काय, हे वाद ठरलेले.

अशील व फी : टक्केवारीवर फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, जाहिरातीवरही बंदी आहे. अज्ञान (अल्पवयीन) वारसांची रक्कम मुदत ठेवीत राहते. मध्येच शिक्षणासाठी किंवा उपचारासाठी पैसे काढायचे, तर पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यामुळे निकालानंतरही घरचे लोक वर्षानुवर्षे त्याच वकिलाकडे येत राहतात.

मुदत व अपील : १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली, १९९४ नंतर ती नव्हती. अपिलाची मुदत ९० दिवस आहे. पूर्वी अपिलासाठी मुंबई गाठावी लागे; १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे.