दोन आठवड्यांतही तोंड बरं झालं नाही तर

काळ्या रश्श्याची मिसळ खाऊन तोंड पोळलं तर तासाभरात शांत होतं. पण साधा वरणभात खातानाही डोळ्यांत पाणी येत असेल, दात घासताना पेस्ट झोंबत असेल आणि हे महिना-दीड महिना चालू असेल, तर ताटातला पदार्थ बदलून फारसं हाती लागत नाही. आपल्याकडे तोंड आलं की उष्णता झाली म्हणतात. मग बी-कॉम्प्लेक्सची गोळी, गुलकंद, जाईचा पाला, तुपाचं बोट असे उपाय सुरू होतात. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. साधारण पाचातल्या एकाला असे फोड अधूनमधून येतात. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला, गालाच्या आतल्या बाजूला पिवळट तळ आणि भोवती लाल कड दिसते, आणि सात ते चौदा दिवसांत ते खूण न ठेवता भरून येतात. अंगात बी-१२, फॉलिक अॅसिड किंवा लोह कमी असेल तर ते पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे गोळी देणारा अगदीच चुकतो असं नाही. मला बोलायचं आहे ते चौदा दिवसांनंतरही न भरणाऱ्या फोडांबद्दल. कारण त्यातले काही रोगप्रतिकारशक्ती बिघडल्याची पहिली खूण असतात, आणि ही खूण गोळ्या-गुलकंदात महिनोन् महिने हरवते.

तोंड हे प्रतिकारशक्तीसाठी अवघड ठिकाण आहे. इथे शेकडो जातींचे जंतू कायमचे राहतात आणि प्रत्येक घासाबरोबर नवे येतात. आतलं अस्तर पातळ आणि ओलं असतं, दिवसभर चावण्या-घासण्याने झिजतं आणि तितक्याच वेगाने नवं होतं. लाळेत आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना चिकटून अडवणारी प्रथिनं असतात, जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, बुरशीला आवर घालणारी हिस्टॅटिन नावाची प्रथिनं असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिरड्यांच्या कडेतून सतत तोंडात झिरपत राहतात. निरुपद्रवी जंतूंकडे दुर्लक्ष करायचं, घातक जंतूंना रोखायचं आणि स्वतःच्या पेशींना मुळीच हात लावायचा नाही, अशी तिहेरी कसरत इथे अहोरात्र चालते. ती बिघडली की अंगावर काही दिसण्याआधी अनेकदा तोंडात दिसतं.

पेम्फिगस व्हल्गारिस हा आजार घ्या. आपल्या अस्तरातल्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. या आजारात शरीर त्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. गोधडीचे टाके कुणी एकेक करून उसवावेत तशा पेशी एकमेकींपासून सुटतात, मध्ये पाणी साचतं आणि फोड येतो. तोंडातला असा फोड जेमतेम काही तास टिकतो. रुग्णाला आणि डॉक्टरला दिसते ती त्यानंतरची सोललेली, लालभडक, वेडीवाकडी जागा. अर्ध्याहून अधिक रुग्णांमध्ये सुरुवात तोंडातच होते, आणि छातीवर, पाठीवर, डोक्यात फोड यायला पुढे कित्येक महिने जाऊ शकतात. तोवर माणूस पातळ पेजेवर आलेला असतो, वजन उतरलेलं असतं, आणि घरातले म्हणत असतात, जरा थंड खा.

यामागे प्रतिपिंडं आहेत हे 1964 मध्ये अमेरिकेत बोयटनर आणि जॉर्डन यांनी दाखवलं. स्टेरॉइड येण्याआधी हा आजार झालेली बहुतेक माणसं दगावत असत. उघड्या जखमांतून पाणी आणि प्रथिनं झिरपून जात, जंतुसंसर्ग होई. आज स्टेरॉइडबरोबर रिटुक्सिमॅब वापरतात. ही प्रतिपिंडं बनवण्याच्या वाटेवर असलेल्या बी पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, ते औषध काढून टाकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता दिली. म्हणजे उपचार आहे. उशीर होतो तो निदानाला.

निदानासाठी बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, लागते आणि इथे गाडी अडते. तुकडा काढला की पसरतं, ही भीती आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. ती निराधार आहे. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा भाग घेतात आणि एक-दोन टाके घालतात. पेम्फिगसची शंका असेल तर दोन तुकडे घ्यावे लागतात. एक जखमेच्या कडेचा, तो फॉर्मॅलिन या नेहमीच्या टिकवण्याच्या द्रावणात जातो. दुसरा जखमेशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तराचा, आणि तो फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही. वेगळ्या द्रावणात पाठवला तरच चकाकणारा रंग लावून पेशींभोवती चिकटलेली प्रतिपिंडं पाहता येतात. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर ही तपासणी होत नाही आणि रुग्णाला पुन्हा खुर्चीवर बसावं लागतं. म्हणून लॅबला आधी विचारून घेणं केव्हाही चांगलं.

लायकेन प्लेनस याहून कितीतरी जास्त आढळतो, शंभरात एक-दोघांना. दोन्ही गालांच्या आत बारीक पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ विकहॅम यांनी 1895 मध्ये या रेषांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्यांचंच नाव आहे. इथे टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी अस्तराच्या सर्वांत खालच्या थरावर उलटतात. नुसती जाळी असेल तर त्रास होत नाही, पण अस्तर सोलवटलं की तिखट बंदच करावं लागतं, आणि मिसळीच्या गावात राहून ते बंद करणं किती जिवावर येतं हे नाशिककरांना सांगायला नको. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे किंवा दाढेतल्या चांदीच्या फिलिंगला टेकलेल्या जागी हुबेहूब असाच चट्टा उठतो. गोळी किंवा फिलिंग बदललं की तो बहुधा ओसरतो. खऱ्या लायकेन प्लेनसमध्ये शंभरात साधारण एकाला पुढे कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. तंबाखू, गुटखा आणि मशेरीमुळेही तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि नुसत्या नजरेने दोन्हींत फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही नेहमी जमत नाही. तिथेही तुकडाच उत्तर देतो.

शोग्रेन सिंड्रोम फोडांनी सुरू होत नाही, कोरडेपणाने होतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 मध्ये आपल्या प्रबंधात डोळे आणि तोंड एकत्र कोरडे पडणाऱ्या स्त्रियांचं वर्णन केलं. लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत शिरून त्या निकामी करतात. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात आणि त्याही बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात काढणी करणाऱ्या बाईला तोंडाला कोरड पडली तर कुणाला वेगळं काही वाटणार? पण ऊन उतरल्यावरही ती जात नाही. भाकरी कालवणात कुस्करल्याशिवाय गिळत नाही, चिवड्याचा बकाणा घशातच अडतो, रात्री पाण्याला दोनदा उठावं लागतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

तोंड तपासताना आम्हा दंतवैद्यांचा छोटा आरसा गालाला चिकटतो आणि सोडवून घ्यावा लागतो. निरोगी तोंडात तो सहज सरकतो. जिभेखाली लाळेचं तळं दिसत नाही. दातांची कीड नेहमीप्रमाणे दाढांच्या खाचांत नसते, ती हिरडीलगत, दाताच्या मुळाशी असते, आणि एरवी क्वचित किडणारे खालचे पुढचे दातही त्यातून सुटत नाहीत. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. आम्ल निवळवणं, दातांना कॅल्शियम परत देणं ही कामं तीच करते. नुसतं स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला 0.1 मिलिलिटरही लाळ सुटत नसेल तर ती आजाराच्या निकषांत मोजली जाते. पुढे रक्तातली प्रतिपिंडं तपासतात, डोळ्यात कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजतात आणि गरज पडली तर खालच्या ओठाच्या आतून बारीक लाळग्रंथी काढून पाहतात. कोरड्या तोंडामागे नैराश्याच्या किंवा अॅलर्जीच्या गोळ्या असणं याहून बरंच सामान्य आहे, ते आधी पाहावं. आणि कोरड घालवायला दिवसभर खडीसाखर किंवा लिमलेटच्या गोळ्या चघळू नयेत, लाळ नसलेल्या दातांचं त्याने वाटोळं होतं. घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम आणि दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप हा बरा मार्ग.

आतापर्यंतचे आजार प्रतिकारशक्ती भलतीकडे वळल्याचे. ती कमी पडली तरी तोंडच आधी बोलतं. सायक्लिक न्यूट्रोपेनिया या जन्मजात आजारात न्यूट्रोफिल या जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण दर 21 दिवसांनी एकदम घटतात. मुलाला ताप येतो, तोंडात फोड येतात, हिरड्या सुजतात, आठवड्याभरात सगळं ठीक होतं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. एका दिवसाची रक्ततपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते, म्हणून सहा आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा रक्त पाहावं लागतं. अशा वेळी आईने कालनिर्णयवर केलेल्या तारखांच्या खुणा फार मोलाच्या ठरतात. त्या घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची जी नोंद प्रसिद्ध झाली आणि जिच्यापासून एड्सचा इतिहास मोजला जातो, त्या पाचही जणांना न्यूमोनियाबरोबर कँडिडा बुरशीचा संसर्गही होता. आजही धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या टाळूवर, जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला आणि तो पुसला की खाली लाल जागा दिसली, तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासायला हवं. दम्याचा पंप घेणाऱ्यांना हाच त्रास होतो तो पंपातल्या स्टेरॉइडमुळे, आणि पंप घेतल्यावर चूळ भरली की बहुतेक टळतो.

2021 च्या दुसऱ्या लाटेत नाशिकने म्युकरमायकोसिस पाहिला. मातीत, कुजलेल्या पाल्यात असणारी ही बुरशी आपण एरवीही श्वासातून घेतच असतो आणि न्यूट्रोफिल तिला निपटतात. कोविड, वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आल्यावर ते जमेना. सायनसमधून ती वरच्या जबड्यात उतरली. वरचे न किडलेले दात एकाएकी हलू लागले, गाल बधिर झाला, टाळू काळवंडली. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळू गेली की प्यालेलं पाणी नाकातून बाहेर येतं आणि बोललेलं कळत नाही, म्हणून दंतवैद्य टाळूचं भोक बंद करणारी प्लेट बसवून देतात. कोविड ओसरला, मधुमेह ओसरलेला नाही. साखर हाताबाहेर असलेल्या माणसाचे वरचे चांगले दात अचानक हलू लागले, तर आजही त्याच दिवशी दाखवायला हवं.

आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, बहुधा ठरलेल्या वारी. घरातली वयस्कर माणसं रक्तदाबाच्या गोळीसारखी ती रोज घेतात, असं घडतं. चार-सहा दिवसांत सगळं तोंड सोलवटून निघतं, कारण झपाट्याने नव्या होणाऱ्या अस्तराला हे औषध आधी गाठतं. त्याच वेळी अस्थिमज्जेतल्या पांढऱ्या पेशीही घटत असतात, ते मात्र बाहेरून दिसत नाही. अशा वेळी तोंडाला लावायचं मलम आणत बसू नये. गोळी बंद करून, पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावं. तिथे रक्ततपासणी होते आणि फोलिनिक अॅसिड हा उतारा देता येतो. पाकिटावर घ्यायचा वार ठळक मराठीत लिहून ठेवा, आणि ते रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका.