.३२ ची गोळी म्हणजे कोणत्याही .३२ पिस्तुलात चालते? नाही चालत

नांदेड, लातूर, संभाजीनगरकडं नेमबाजीतली नवीन पोरं अजून हेच म्हणायलेत की कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, जुळलं की झालं, मॅगझिनात (पिस्तुलात गोळ्या भरायच्या डबीत) गोळी बसणारच. साफ चूक आहे हे, आणि शिकणाऱ्या पोरांना कुणीतरी नीट सांगायलाच पाहिजे.

२५ मीटर सेंटर फायर या स्पर्धेच्या मॅच पिस्तुलात .३२ एस अँड डब्ल्यू लाँग नावाची गोळी वापरतात ती वॉडकटर, म्हणजे शिसं केसच्या (गोळीच्या मागच्या नळीच्या) तोंडाशी सपाट बसवलेलं, त्यामुळं अख्खी गोळी केसएवढीच, साधारण २३.४ मिमी, आणि मॅगझिन पण त्याच मापाचं. आता रिव्हॉल्व्हरची गोल टोकाची गोळी घ्या, नाव तेच, केस तीच, पण लांबी ३२ मिमीपर्यंत जाते, मग ती त्या मॅगझिनात जाणार कशी? रिव्हॉल्व्हरला मॅगझिनच नसतं, म्हणून तिथं दोन्ही चालतात, मला वाटतं गैरसमज तिथूनच पसरला.

.३२ एसीपी या दुसऱ्या .३२ गोळीचं तर विचारूच नका, ती केसच वेगळी.

.२२ मध्ये पण तसंच, शॉर्ट आन लाँग रायफलची जाडी सारखी पण लांबी वेगळी, मॅगझिन वेगळं. त्यामुळं पेटीवर नुसतं कॅलिबर बघू नका, मॅच पिस्तुलाच्या .३२ ला वॉडकटर लिहिलंय का ते बघा, आणि बसत नसेल तर जोर लावू नका, कोचला दाखवा.