राजकारण ‘स्टार ट्रेक’मध्ये आधीपासूनच होतं

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी टीव्ही मालिकांच्या चाहत्यांत जुन्या-नव्यांची तुलना सुरू झाली की एक वाक्य ठरलेलं: जुनी मालिका निव्वळ साहसाची होती, राजकारण नव्यांनी घुसडलं. हे खरं नाही.

मूळ मालिका अमेरिकेत 1966 ते 1969 या काळात दाखवली गेली. शीतयुद्ध ऐन भरात असताना 1967 मध्ये मालिकेतल्या अंतराळजहाजाच्या सुकाणूशेजारी चेकॉव्ह हा रशियन अधिकारी येऊन बसला. फेब्रुवारी 1968 च्या एका भागात क्लिंगॉन हे शत्रुपक्षाचे परग्रहवासी एका मागास ग्रहावरच्या गावकऱ्यांना बंदुका पुरवतात. मग तोल साधायला जहाजाचा कप्तान कर्क डोंगरातल्या टोळीलाही तशाच बंदुका देतो. जहाजावरचा डॉक्टर मॅकॉय चिडतो, पण कर्क ऐकत नाही. व्हिएतनाम युद्ध तेव्हा रोज बातम्यांत होतं, आणि संवादातही त्याकडे बोट दाखवलं आहे.

जानेवारी 1969 चा भाग तर सूचक वगैरेही नाही, थेट ठणठणीत आहे. दोन माणसं, दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. तरी हाडवैर! का? तर एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची पांढरी. कर्कला आधी फरक दिसतच नाही. शेवटी त्यांचा ग्रह बेचिराख झालेला असतो आणि हे दोघे तिथेही एकमेकांच्या मागे धावत सुटतात.

नव्या मालिका आवडत नसतील तर खुशाल नावं ठेवा. संथ कथानक, पसरट संवाद, कारणं पुष्कळ सापडतील.