चाचणीच्या फाइली आल्या कुठून?

ओपन सोर्स पॅकेजच्या, म्हणजे ज्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या, स्वयंचलित चाचण्यांना नमुना फाइली लागतात. या फाइलींबाबत सुरुवातीची अडचण होती आकाराची. ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगच्या चाचण्यांसाठीचे ऑडिओ-व्हिडिओ नमुने म्हणूनच सोर्स कोडमध्ये नसतात, आरसिंक या फाइली उतरवण्याच्या साधनाने वेगळे उतरवून घ्यावे लागतात. मग परवान्याचा प्रश्न आला. त्यापायी सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक लायब्ररीने ०.१७ आवृत्तीत 'लेना' हे प्रसिद्ध चित्र काढून टाकलं. पुढे १.१० पासून सायपायचा नमुना डेटा 'पूच' ही लायब्ररी उतरवते आणि हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक, जुळवून घेते.

फाइलीत नेमकं आहे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला होता. तो पुढे आणला एक्सझेड प्रकरणाने.

एक्सझेड ही कॉम्प्रेशनची, म्हणजे फाइलींचा आकार कमी करणारी लायब्ररी. बिघडलेली फाइल आली तरी लायब्ररी कोसळू नये, हे तपासायला मुद्दाम बिघडवलेल्या फाइली हव्यातच. त्यातल्या अनेक हेक्स एडिटरने (फाइलीतले बाइट थेट बदलायच्या साधनाने) हाताने बनवल्या आहेत, तेव्हा त्यांना वेगळा सोर्स नाही, असं सोबतच्या रीडमी या माहितीच्या फाइलीत प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. त्याच विश्वासाचा फायदा घेतला गेला. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'जिआ टॅन' नावाच्या खात्याने अशा आणखी फाइली घातल्या. त्यातल्या दोन फाइलींत बॅकडोअर, म्हणजे आत शिरण्याचा चोरदरवाजा, दडवलेला होता. तो बाहेर काढण्याची सुरुवात करणारा तुकडा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या खुल्या नोंदीत, नव्हता; फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठीच्या गठ्ठ्यात, होता. ९ मार्चला त्या फाइली बदलल्या गेल्या. कारण दिलं होतं की आता ठरावीक सीड (यादृच्छिक डेटा ज्यावरून बनतो तो आरंभीचा आकडा) वापरलं आहे, म्हणजे त्या पुन्हा बनवता येतील. ऐकायला किती जबाबदार!

एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे दुरून शिरायला, सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला हे सापडलं आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: एक्सझेडच्या ५.६.० आवृत्तीत या फाइली एकाही चाचणीत वापरल्याच जात नव्हत्या.

हॅशने हे पकडलं गेलं नसतं. फाइल बदललेली नाही एवढंच हॅश सांगतो. त्यामुळे नमुना फाइलीसोबत ती बनवणारी स्क्रिप्ट असावी, कोणती चाचणी ती वाचते हे नोंदलेलं असावं आणि पॅकेजचं बिल्ड (सोर्स कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) चाचण्यांचं फोल्डर बाजूला काढूनही पूर्ण व्हावं, हा आग्रह मला रास्त वाटतो. हाताने घडवलेल्या फाइलीला स्क्रिप्ट नसते. तिथे कोणते बाइट का बिघडवले, हे तरी लिहून ठेवायला हवं.