आनुवंशिक ॲटॅक्सियातील बौद्धिक व भावनिक विकार

आनुवंशिक ॲटॅक्सिया या आजारांच्या गटात लहान मेंदू (अनुमस्तिष्क) आणि त्याला जोडलेले मज्जामार्ग हळूहळू झिजतात. चालताना झोकांड्या जातात, जीभ जड होते, हाताचा नेम चुकतो. त्यामुळे हा केवळ तोलाचा आजार असल्याची समजूत रूढ झाली. विचार करण्यात आणि मनःस्थितीत होणारे बदलही पुष्कळदा त्याच झिजेतून येतात, हे सर्वमान्य व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

१९९८ मध्ये जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शेरमन या संशोधकांनी फक्त लहान मेंदू बाधित झालेल्या २० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांना नियोजन, भाषा, अवकाशाचे भान आणि भावनांवरील ताबा या चारही बाबतींत उणीव दिसली. या लक्षणसमूहाला आता श्माहमान सिंड्रोम असेही म्हणतात. त्यामागची कल्पना अशी : पेला उचलायला गेलेला हात जसा पेल्याच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थबकतो, तसेच विचाराचे आणि भावनेचे माप चुकते. मेंदूतील सुमारे ८० टक्के चेतापेशी लहान मेंदूत असतात आणि त्याचा मागचा भाग पूर्वललाट भागाशी (मोठ्या मेंदूच्या, नियोजन करणाऱ्या पुढच्या भागाशी) जोडलेला असतो, हे पाहता ही कल्पना मुळीच ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

हा बिघाड स्मृतिभ्रंशासारखा नसतो. रुग्ण माणसे ओळखतो, जुन्या गोष्टी सांगतो, सूचक शब्द दिला की विसरलेलेही पुष्कळदा आठवते. अडते ते वेगळीकडे. ‘क’ने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगा म्हटले की चार-पाचांवर गाडी थांबते, आकडे उलट क्रमाने म्हणता येत नाहीत, एकाच वेळी दोन कामे धरता येत नाहीत. घरच्यांना हा आळस वाटतो. चाचण्यांचा अर्थ लावतानाही जपावे लागते, कारण अडखळती वाणी आणि थरथरता हात यांमुळे घड्याळ लावून घेतलेल्या चाचणीत गुण आपोआप घटतात.

सर्व प्रकारांत चित्र सारखे नसते. स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सिया (एससीए) हे या गटातले आजार क्रमांकांनी ओळखले जातात. त्यांतील ‘एससीए १७’मध्ये स्मृतिभ्रंश, भ्रम किंवा वर्तनातील बदल तोल जाण्याच्या आधीही दिसू शकतात आणि आजार हंटिंग्टन रोगासारखा (अनैच्छिक हालचाली आणि बुद्धीचा ऱ्हास घडवणाऱ्या आनुवंशिक आजारासारखा) भासतो. डीआरपीएलए या आणखी एका आनुवंशिक प्रकारातही बुद्धीचा ऱ्हास ठळक असतो. ‘एससीए ६’मध्ये बौद्धिक त्रास बहुधा सौम्य राहतो. फ्रीडरिच ॲटॅक्सियात बुद्धी सहसा शाबूत राहते, विचारांचा वेग मात्र मंदावतो. भारतात बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या ‘एससीए २’मध्ये नियोजन व शब्दस्मरण बिघडल्याचे दिसते.

नैराश्य या रुग्णांत वारंवार आढळते. चालणे आणि नोकरी गमावण्याचे दुःख त्यात असतेच. पण सगळा दोष परिस्थितीवर टाकता येत नाही, कारण भावनांचे नियमन करणारी लहान मेंदूतील मंडलेही बाधित झालेली असतात. चिडचिड, चिंता, निरुत्साह, प्रसंगाशी विसंगत हसू-रडू हेही दिसते. थकवा, झोपमोड आणि वजनातील घट मूळ आजारातही असल्याने निदान करताना दुःखाचे आणि आशा सुटल्याचे बोल नीट ऐकणे अधिक उपयोगी पडते. आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायला हवे. प्रभावी रूपातील आजारात, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले सदोष जनुक पुरेसे ठरते अशा आजारात (एससीएचे सर्व प्रकार यात येतात), रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आई किंवा वडिलांचा आजार जवळून पाहिलेल्या रुग्णाला त्यामुळे पुढचे चित्र आधीच माहीत असते.

नैराश्यावर समुपदेशन आणि एसएसआरआय या नैराश्यरोधक गटातील औषधे वापरली जातात. बौद्धिक अडचणींवर सिद्ध औषध नाही. एका वेळी एकच काम, लिखित यादी आणि उत्तरासाठी जास्त वेळ या उपायांवर भर असतो. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम लहान मेंदूला अपायकारक ठरू शकते, चिंता व झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपाइन औषधांनी तोल आणखी ढळतो आणि दारू दोन्ही बाजूंनी नडते. गंमत म्हणजे या रुग्णांची चाल आणि बोलणे पाहून, थेंबही न घेता, रस्त्यात त्यांना दारुडे ठरवले जाते, आणि काही जण याच कारणाने घराबाहेर पडणे सोडतात.